दुसरी बॅटरी, तिसरा पंखा

लांज्यात आता इन्व्हर्टर आहे का, असं कुणी कुणाला विचारत नाही. विचारतात ते बॅटरी एक की दोन. एक सांगितली, तर समोरचा 'बरं, बरं' म्हणून विषय काजूच्या दराकडे वळवतो. दोन सांगितल्या, तर बसायला खुर्ची पुढे येते. मे महिन्याच्या उत्तरार्धात सह्याद्रीच्या अंगाला ढग जमून पहिला गडगडाट झाला, की बॅटरीच्या दुकानात एकाच मागणीची माणसं येऊ लागतात: आहे त्याला अजून एक जोडून द्या. या माणसाचा हिशेब सरळ असतो. एका बॅटरीवर रात्री दोनपर्यंत पंखा फिरतो, म्हणजे दोन बॅटऱ्यांवर सकाळपर्यंत फिरेल. पाढे पाठ असलेल्या कुणालाही हा हिशेब खोडता येणार नाही. मला तो खोडायचाही नाही. बॅटरीला पाढे येत नाहीत आणि घरातल्या माणसांना ते ऐकायचे नसतात, एवढंच दाखवायचं आहे. बहुतेक घरांत दुसरी बॅटरी अंधार कमी करत नाही. ती एक पंखा वाढवते.

विजेच्या बाबतीत लांज्याचा रत्नागिरी जिल्हा गरीब आहे, असं म्हणायची सोय नाही. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून चिपळूण तालुक्यात पोफळीला उतरतं. त्या प्रकल्पाची एकूण क्षमता 1960 मेगावॉट. गुहागर तालुक्यात अंजनवेलला गॅसवर चालणारा 1967 मेगावॉटचा प्रकल्प उभा आहे, जयगडला कोळशावरचा 1200 मेगावॉटचा आहे, आणि शेजारच्या राजापूर तालुक्यात जैतापूरला जवळपास दहा हजार मेगावॉटचा अणुप्रकल्प वर्षानुवर्षं कागदावर तेवत आहे. एवढ्या मेगावॉटांच्या मधोमध बसून लांजेकर माणूस जिन्याखालच्या कोनाड्यात दीड युनिट वीज साठवून ठेवायला धडपडतो. यात त्याचं काही चुकत नाही. त्याच्यापुढचा प्रश्न विजेचा नाहीच, तारेचा आहे. वीज होते मुबलक, पण ती वाडीपर्यंत येते ती ऐन-किंजळाच्या रानातून, आंब्याफणसाच्या फांद्यांना खेटून, पाच-दहा घरांसाठी दोन-दोन डोंगर उतरून. वारा सुटला की फांदी तारेवर येते, वीज चमकली की कुठल्यातरी खांबावरचा पिन इन्सुलेटर तडकतो, आणि तो नेमका कुठला, हे शोधायला बिचारा वायरमन भर पावसात बॅटरी (ही हातातली) घेऊन रानोमाळ फिरतो. तेव्हा घरात थोडी वीज साठवणं ही चैन नव्हे. पहिल्या बॅटरीबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

पहिल्या बॅटरीची अवस्था मात्र एकदा वाकून पाहण्यासारखी असते. जिन्याखाली, नाहीतर पडवीच्या कोपऱ्यात, चाकं लावलेल्या प्लॅस्टिकच्या ट्रॉलीत ती बसलेली असते. ट्रॉलीवर जुना टॉवेल, टॉवेलवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर, कॅलेंडरवर कुणीतरी सोललेल्या आठळ्या वाळत घातलेल्या. हे सगळं बाजूला केलं, तर बॅटरीच्या डोक्यावर सहा बुचं दिसतात आणि प्रत्येकातून एक बारीकशी रंगीत काडी डोकावायला हवी असते. पाणी पुरेसं असेल तर काडी वर येऊन हिरवा पट्टा दिसतो, कमी झालं की लाल. बऱ्याच घरांत सहाच्या सहा काड्या इतक्या खाली गेलेल्या असतात की लालही दिसत नाही. टोकांना पांढरट-हिरवट पूड चढलेली असते आणि नटाभोवती मुंग्यांनी आपला संसार थाटलेला असतो. ही बॅटरी रात्री दोनला मान टाकते, ती लहान आहे म्हणून नव्हे; दोन वर्षं तिला पाणी कुणी विचारलेलं नाही म्हणून. आत शिशाच्या पट्ट्या आम्लाच्या वर उघड्या पडल्या, की तेवढा भाग कामातून गेला. आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या या तालुक्यात बॅटरी तहानेने मरते, याची कुठे नोंद होत नाही. तेव्हा दुकानात जाणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न हा, की बाबा रे, तुला दुसरी बॅटरी हवी आहे की पाच लिटर बॅटरीचं पाणी?

समजा पाणी वेळेवर घातलेलं आहे. आता आकडे घेऊ. बारा व्होल्टची दीडशे एएच (अँपिअर-तास) बॅटरी म्हणजे कागदावर 1800 वॉट-तास. इन्व्हर्टर स्वतःचा वाटा कापून घेतो, बॅटरी तळापर्यंत निपटायची नसते, वयोमानाने थोडी घट होते. हातात साधारण 1400 उरतात असं धरू. घरात रात्री चालतं काय? छताचे दोन जुने पंखे, पंचाहत्तर वॉटचा एकेक, म्हणजे दीडशे. नऊ वॉटचे चार एलईडी, छत्तीस. वायफायचा डबा दहा. आणि टीव्ही, कारण मालिकेतल्या सुनेवर आलेलं संकट लाईट जाण्यापेक्षा गंभीर असतं, त्याचे साठ. एकूण 256 वॉट, म्हणजे साडेपाच तासांच्या आत खेळ खलास. दुसरी बॅटरी लावली तर अकरा तास. आता दुसरी बॅटरी न लावता दोन जुने पंखे काढून तीस वॉटचे बीएलडीसी पंखे लावा आणि टीव्ही इन्व्हर्टरच्या लाईनवरून उतरवा: भार 106 वॉट, आणि तीच एक बॅटरी तेरा तास चालते. टीव्ही ठेवलाच, तरी आठ तासांच्या वर जाते. दोन पंख्यांना जेवढे पैसे लागतात, त्याहून बरेच अधिक पैसे चांगल्या बॅटरीला लागतात. शिवाय पंख्याला पाणी घालावं लागत नाही आणि लाईट असतानाही तो बिल कमी करत राहतो.

इतकं सोपं गणित असूनही माणसं पंखा बदलत नाहीत, बॅटरीच आणतात. त्याचं कारण विजेत शोधू नये, घरात शोधावं. इन्व्हर्टरची लाईन घरात कुठून कुठे फिरवली आहे, हे पाहिलं की त्या घराची उतरंड कळते. पहिला मान देवघरातल्या बल्बला, दुसरा आजोबांच्या पंख्याला, तिसरा टीव्हीला. स्वयंपाकघरात एक दिवा, तोही भांडून घेतलेला. थोरल्याच्या खोलीत पंखा, धाकट्याच्या खोलीत फक्त बल्ब, आणि यावरून दरवर्षी जूनमध्ये एकदा तरी पाटावरून उठून जाण्याचा प्रसंग. अशा घरात 'भार कमी करा' असं म्हणणं म्हणजे कुणाचा तरी पंखा काढून घेणं. ते कुणाच्यात धाडस नाही. दुसरी बॅटरी हा त्यावरचा कौटुंबिक तोडगा असतो: ती आली, की धाकट्याच्या खोलीतही वायर ओढली जाते. मग पाहुण्यांच्या खोलीत. मग एवढं आहेच तर छोटा फ्रिज. मग एखाद्या संध्याकाळी कुणीतरी खोबऱ्याचं वाटण काढायला मिक्सर लावून पाहतं आणि इन्व्हर्टर किंचाळतो. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1865 साली कोळशावर पुस्तक लिहून दाखवून दिलं होतं, की वाफेचं इंजिन सुधारलं, कमी कोळशात जास्त काम करू लागलं, तरी देशाचा कोळसा वाचला नाही, इंजिनंच वाढली. जेव्हन्सला त्यासाठी इंग्लंडभरची आकडेवारी गोळा करावी लागली. लांज्याच्या एखाद्या घरात दोन बॅटऱ्या आणून दिल्या असत्या, तर आठवड्याभरात काम झालं असतं.

दुकानदाराच्या बाजूनेही एक गोष्ट बोलली पाहिजे, कारण ती खरी आहे. पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने 1897 मध्ये शिशाच्या बॅटरीचा एक स्वभाव सूत्रात मांडला: तिच्यातून वीज जितक्या घाईने काढाल, तितकी एकूण कमी मिळते. म्हणून तोच भार दोन बॅटऱ्यांत वाटला, तर प्रत्येकीवर ताण कमी पडतो आणि दुपटीपेक्षा थोडा जास्तच वेळ मिळतो. 'काका, दोन लावा, दोन्ही जास्त वर्षं टिकतील,' असं दुकानदार म्हणतो ते थापा मारून नव्हे. फक्त त्याच्या वाक्यात एक अट दडलेली आहे: दोन्ही भरल्या पाहिजेत.

आणि गाडी इथेच अडते. बॅटरी वीज तयार करत नाही. भरली तर देते. घरगुती इन्व्हर्टरमधला चार्जर साधारण दहा ते पंधरा अँपिअर देतो. बारा धरले, तर रिकामी झालेली दीडशे एएचची एक बॅटरी भरायला चौदा तास लागतात, कारण काढली त्यापेक्षा थोडी जास्तच घालावी लागते. त्याच इन्व्हर्टरला दोन जोडल्या, की झाले अठ्ठावीस तास. दिवसात तास चोवीसच असतात. त्यात जूनच्या पहिल्या आठवड्यात लाईट सकाळी दहाला येते, साडेअकराला डोळा मारते, दुपारी जेवणाच्या वेळी पुन्हा जाते आणि संध्याकाळी दिवेलागणीला 'आले मी' म्हणते. एवढ्यात एक बॅटरी कशीबशी भरली असती; दोन अर्ध्यापोटी राहतात. अर्धी भरलेली शिशाची बॅटरी तशीच दिवसेंदिवस राहिली, की पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण खडे धरतात आणि ते नंतर विरघळत नाहीत. म्हणजे एक बॅटरी पाच वर्षं जगली असती, त्या जागी दोघी तीन वर्षांत जातात. ज्यांचा इन्व्हर्टर मुळातच मोठा, चोवीस व्होल्टचा आहे, त्यांना पहिल्या दिवसापासून दोन लागतातच. त्यांचा चार्जरही त्या बेताचा असतो. माझं भांडण त्यांच्याशी नाही. भांडण आहे ते आहे त्याच लहान इन्व्हर्टरला शेपूट जोडण्याशी.

शेपूट जोडतानाही एक मोह कुणालाच आवरत नाही: जुनी चार वर्षांची बॅटरी अजून 'बरी चालते' म्हणून ठेवायची आणि तिच्या शेजारी नवी आणायची. नांगराला एक म्हातारा आणि एक तरणा बैल जुंपला, तर तरण्याच्या ताकदीने जोत चालत नाही, हे कोकणातल्या शेतकऱ्याला सांगायला नको; तोच शेतकरी जिन्याखाली नेमकं तसं जोत बांधतो. समांतर जोडलेल्या दोन बॅटऱ्यांत जुनीची आतली गळती जास्त असते. लाईट असताना चार्जरची वीज ती खाते आणि भरल्याचं नाव नाही. लाईट गेल्यावर बहुतेक भार नवीच्या गळ्यात. आणि कशावरच भार नसेल, तेव्हा नवी आपली वीज गुपचूप जुनीत ओतत बसते. वर्षभरात नवीचा नूर जुनीसारखा होतो. मग घरातले म्हणतात, हल्ली बॅटऱ्यांना पूर्वीसारखा दम राहिला नाही.

ही चूक गाडीवाले करत नाहीत, हे लक्षात घेण्यासारखं आहे. महाराष्ट्र सरकारने 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चाकावरचं घर घेऊन कोकणात फिरायचं, तर लांज्यावरून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग चुकत नाही. अशा गाडीत दोन बॅटऱ्या असतात, पण त्या एकमेकींच्या गळ्यात गळा घालून नसतात. एक इंजिन चालू करायची, दुसरी आतल्या दिव्या-पंख्या-फ्रिजची. मधे एक रिले किंवा स्वतंत्र चार्जर बसवलेला असतो: इंजिन चालू असेपर्यंत दोघींना वीज मिळते, इंजिन बंद झालं की दोघींची वाट वेगळी. रात्रभर फ्रिज चालवून दुसरी संपली, तरी सकाळी गाडी चालू होते. गाडीवाल्याने आधी ठरवलेलं असतं, की काय बंद पडलं तर चालेल आणि काय बंद पडता कामा नये. बॅटऱ्यांची मांडणी त्यामागून येते. घरातही दुसरी बॅटरी लावायचीच असेल, तर ती अशीच लावावी. वेगळा लहान इन्व्हर्टर, त्याची वेगळी बॅटरी, त्यावर दोन दिवे, वायफाय आणि आजोबांचा पंखा. बाकीच्यांनी मोठ्या बॅटरीवर काय धिंगाणा घालायचा तो घालावा. यावर आक्षेप एकच येतो, की मग टीव्हीसाठी भांडण होईल. होईल. पण ते पंख्याशिवाय होणार नाही, ही केवढी सुधारणा आहे.

गंभीर आक्षेप वादळांचा आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या गावांनी कित्येक दिवस अंधारात काढले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. अशा वेळी दुसरी बॅटरी असती तर? असती, तर एका रात्रीच्या दोन रात्री झाल्या असत्या. खांब उभे करायला आठवडा लागणार असेल, तर तिसऱ्या रात्री एक बॅटरीवाला आणि दोन बॅटरीवाला सारख्याच अंधारात बसतात. फरक एवढाच, की दुसऱ्याचा संताप अधिक असतो, कारण त्याने पैसे मोजलेले असतात. अपवाद मी मान्य करतो. घरात ऑक्सिजनचं यंत्र लागणारा रुग्ण असेल, दवाखान्यात लस ठेवायची असेल, तर तिथे गणिताचा घोळ न घालता जेवढी लागेल तेवढी साठवण करावी आणि जोडीला जनरेटरही ठेवावा. इन्सुलिनची पेटी थंड ठेवायची असेल, तर तेवढ्यासाठी लहान फ्रिजही रास्त आहे. पण त्या फ्रिजमध्ये आईस्क्रीम ठेवून त्याला औषधाचा फ्रिज म्हणू नये.

चाकरमान्यांच्या घरांचा मामला आणखी वेगळा. घर वर्षातून तीनदा उघडतं: शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीला. मुंबईची सवय असलेली माणसं तेवढ्या दिवसांत एकही रात्र उकाड्यात काढायला तयार नसतात, म्हणून दोन बॅटऱ्या हौसेने बसवतात आणि विसर्जन झाल्यावर मेन स्विच पाडून कुलूप लावून जातात. इन्व्हर्टरचं बटन मात्र चालूच राहतं. तो रिकाम्या घरात कुणासाठी तरी जागा राहतो आणि स्वतःच्या जागरणासाठी बॅटऱ्यांतली वीज खातो. आठवड्याभरात दोघी ठणठणीत कोरड्या. शिमग्याला कुलूप उघडतं तेव्हा एकाऐवजी दोन बॅटऱ्या मेलेल्या असतात. उपाय काही शास्त्रज्ञाने सांगावा असा नाही. जाताना बॅटऱ्या पूर्ण भरून घ्याव्या, इन्व्हर्टर बंद करावा, उणे टोकाची वायर सोडून ठेवावी, आणि शेजारच्या काकांना महिन्या-दीड महिन्याने एक दिवस जोडून चार्जिंगला लावायला सांगावं. काकांना त्या बदल्यात काय आणायचं, हे ज्याने त्याने ठरवावं.

राहिलं सौर. छपरावर पॅनेल लावणाऱ्यांना सरकार अनुदान देतं. फेब्रुवारी 2024 मध्ये आलेल्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत ते तीन किलोवॉट आणि त्यापुढच्या यंत्रणेला 78 हजारांपर्यंत आहे. त्यामुळे 'बॅटरीचं सोडा, आम्ही पॅनेलच लावतो' असं म्हणणारे वाढले आहेत. त्यांना लाईट गेलेल्या पहिल्या दुपारी धक्का बसतो. डोक्यावर लख्ख ऊन, छपरावर चकचकीत पॅनेल आणि घरात पंखा बंद. वीज कंपनीच्या तारेला जोडलेली साधी सौर यंत्रणा तार मेली की स्वतःहून बंद होते, आणि ते योग्यच आहे. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छपराचा झटका बसेल. लाईट नसतानाही सौर चालायला हवं असेल, तर वेगळा, बॅटरीवाला इन्व्हर्टर घ्यावा लागतो, म्हणजे पुन्हा बॅटरी आलीच. लिथियमची घ्यावी म्हटलं, तर ती खरोखर गुणी: पाणी मागत नाही, लवकर भरते, बरीच खालपर्यंत निपटली तरी कुरकुरत नाही. पण ती महाग आहे, जुन्या इन्व्हर्टरचा चार्जर तिला मानवेलच असं नाही, आणि शिशाच्या बॅटरीशेजारी तिला समांतर जोडायची तर मुळीच नाही. हे सांगितल्यावर माणूस हिरमुसतो. त्याला लिथियमही 'दुसरी' म्हणूनच हवी असते.

एवढं ऐकूनही ज्याला दोन लावायच्याच आहेत, त्याने दोन्ही एकाच वेळी घ्याव्या, एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या, जमल्यास एकाच महिन्यात बनलेल्या. जोडवायरी जाड आणि सारख्या लांबीच्या असाव्यात. इन्व्हर्टरची अधिक वायर एका बॅटरीला आणि उणे दुसरीला, म्हणजे दोघींवर भार समान येतो. चार्जर दोघींना पुरेल असा आहे का, ते आधी पाहावं. पाणी कुणी घालायचं, त्या माणसाचं नाव ठरवावं. 'घरातलं कुणीही' हे नाव चालणार नाही, कारण पहिल्या बॅटरीला तेच घालत होते. आणि दुकानदार 'जुनी देताय का?' असं विचारेल तेव्हा ती द्यावी. आतलं शिसं वितळवून पुन्हा वापरात येतं, म्हणून तिचे पैसे वजा होतात. घरी ठेवली, तर ती तशी वाया जात नाही म्हणा; तिच्यावर आठळ्या चांगल्या वाळतात.